वाळवंटी रानफूल आणि उष्णकटिबंधातला हमिंगबर्ड: ही तुलना शास्त्राला धरून आहे का?

कोरडवाहू

आमच्या निसर्गमंडळाच्या भित्तिपत्रकासाठी एक मजकूर लिहायला घेतला आहे. त्यातली मूळ कल्पना शास्त्राच्या कसोटीवर टिकते की ती केवळ कागदावर शोभणारी जुळणी आहे, याबद्दल येथील जाणकारांचे मत हवे आहे.

तुलनेसाठी मी दक्षिण अमेरिकेतले दोन जीव घेतले आहेत. पहिला म्हणजे चिलीच्या अटाकामा वाळवंटातले 'पाता दे ग्वानाको' हे गडद गुलाबी रानफूल; शास्त्रीय नाव सिस्टँथे लाँगिस्कापा. कोपियापो आणि वायेनार या शहरांभोवतालच्या मैदानांत वर्षभराच्या पावसाची बेरीज बहुधा काही मिलिमीटरांतच आटोपते आणि सलग कित्येक वर्षे या झाडाचा मागमूसही दिसत नाही. मात्र योग्य वेळी साधारण १५ मिलिमीटर पाऊस पडला, की जमिनीत पडून राहिलेले बी रुजते आणि काही आठवड्यांत सारे मैदान गुलाबी होते. १९९७, २०१५, २०१७ आणि २०२२ या वर्षी असे बहर आले होते.

दुसरा जीव तेथून उत्तरेकडचा, पेरूच्या अँडीजमधला 'ब्लॅक मेटलटेल' हा काळसर हमिंगबर्ड. पेरू उष्णकटिबंधात येत असला, तरी हा पक्षी जेथे राहतो तेथे रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरतो. अशा रात्री तो आपले शरीर जवळजवळ बंद करून ठेवतो आणि सकाळी पुन्हा चालू करतो.

माझे म्हणणे असे, की एक जीव जागचा हलत नाही आणि दुसरा क्षणभर स्वस्थ बसत नाही, हा फरक वरवरचा आहे. मिळकत थांबली असता खर्चही थांबवायचा, हे दोघांचे धोरण एकच आहे. फूल ते वर्षांच्या हिशेबाने पाळते आणि पक्षी रात्रीच्या. हे विधान करावे का?

मुळशीकर

आमच्याकडे फूल आणि पाखरू यांची तुलना आजवर फक्त कवींनी आणि लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी केली आहे. आपण शास्त्राकडे वळलात याचे स्वागत आहे. वाचतो आहे.

गणिती

कोरडवाहू, आपले विधान आकर्षक आहे, पण मला ते मान्य नाही, आणि त्याचे कारण हिशेबातच आहे.

वाळवंटी वार्षिक वनस्पतीचे बी 'थांबते' असे आपण म्हणता. पण एका झाडाच्या सर्व बिया एकाच वेळी थांबत नाहीत आणि एकाच वेळी रुजतही नाहीत. चांगला पाऊस झाला तरी काही बिया रुजतात आणि उरलेल्या जमिनीतच राहतात. डॅन कोहेन यांनी १९६६ साली याचे गणित मांडले. समजा, सर्वच्या सर्व बिया पहिल्या पावसाला रुजल्या आणि पुढे पाऊस फिरकलाच नाही, तर तो वंश तेथेच संपतो. अनेक वर्षांची वाढ ही बेरीज नसून गुणाकार असतो, आणि गुणाकारात एक शून्य आले की आधीच्या सगळ्या भरघोस वर्षांचाही शून्यच होतो. म्हणून काही बिया मागे ठेवणे म्हणजे सरासरी उत्पन्न थोडे कमी करून सर्वनाश टाळणे.

हे नुसते कागदी गणित नाही. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरालगत ट्युमामॉक टेकडीवर १९०३ साली स्थापन झालेली वाळवंट प्रयोगशाळा आहे. तेथे १९८२ पासून हिवाळी वार्षिक वनस्पतींची वर्षानुवर्षे मोजदाद होत आली आहे. लॉरेन्स व्हेनेबल यांनी तेथील आकडेवारीवरून दाखवले, की ज्या जातींचे यश वर्षागणिक जास्त हेलकावे खाते, त्या जाती दरवर्षी आपल्या बियांचा लहान हिस्साच रुजू देतात.

आता आपला पक्षी पाहा. तो एक आहे. तो रात्री बंद पडतो आणि सकाळी तोच पुन्हा उठतो. त्याच्याजवळ अर्धा पक्षी राखून ठेवण्याची सोय नाही. बियांची वाटणी हे कुळाचे धोरण आहे, तर टॉर्पर हे एका देहाचे. शिवाय बी एकदाच उठते. रुजल्यानंतर त्याला पुन्हा बी होता येत नाही.

शंकासुर

टॉर्पर म्हणजे नक्की काय, हे कोणी सांगेल का? ती झोप आहे, बेशुद्धी आहे की अस्वलाची शीतनिद्रा आहे? आणि पक्षी सकाळी उठलाच नाही, तर त्याची दाद कोणाकडे मागायची?

नाडीपरीक्षा

शंकासुर, पेशाने डॉक्टर असल्यामुळे या विषयाने मला पूर्वीच झपाटले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

झोपेत शरीराचे तापमान किंचित उतरते. टॉर्परमध्ये शरीर तापमान राखण्याचा प्रयत्नच जवळजवळ सोडून देते. शीतनिद्रा आठवडे-महिने चालते, हा प्रकार काही तासांचा असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी पेरूच्या अँडीजमध्ये सुमारे ३,८०० मीटर उंचीवर सहा जातींचे हमिंगबर्ड रात्रभर तपासले. त्यांतल्या ब्लॅक मेटलटेलच्या शरीराचे तापमान ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. शीतनिद्रा न घेणाऱ्या कोणत्याही पक्ष्यात किंवा सस्तन प्राण्यात एवढे कमी तापमान त्यापूर्वी नोंदले गेले नव्हते. कोणी दोन-अडीच तास त्या अवस्थेत राहिले, तर कोणी जवळपास तेरा तास. आणि जे जास्त वेळ राहिले त्यांचे वजन रात्रीत कमी घटले.

याचे महत्त्व कळण्यासाठी माणसाशी ताडून पाहावे. आपल्या शरीराचे तापमान २८ अंशांखाली गेले, तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवण्याचा धोका असतो. हमिंगबर्डाचे हृदय दिवसा मिनिटाला हजारांहून अधिक ठोके देऊ शकते आणि टॉर्परमध्ये ते पन्नासच्या आसपास येते. एकाच हृदयाने चोवीस तासांत हे दोन्ही टोकांचे काम करायचे आणि पुन्हा त्यातून काही बिघाड होऊ द्यायचा नाही, हे मला फुलाच्या कोणत्याही करामतीपेक्षा मोठे वाटते. अर्थात हा धंद्याचा पक्षपात असू शकतो.

पहाटे उठताना पक्षी स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतो. त्याला मिनिटाला अंश-दीड अंश या गतीने चढावे लागते, म्हणजे तळापासून उडण्याजोगे होईपर्यंत बराच वेळ जातो आणि त्या वेळात तो पूर्णपणे असहाय असतो. एखादा पक्षी उठत नाही, हेही घडते. दाद मागण्याची सोय नाही.

दवबिंदू

मी टूसॉनमध्येच राहते, त्यामुळे गणितींनी ट्युमामॉकचे नाव घेतलेले पाहून आनंद झाला. ती टेकडी शहराच्या इतकी जवळ आहे, की संध्याकाळी तेथे फिरणाऱ्यांची रीघ असते आणि त्यांपैकी बहुतेकांना आपण कोणत्या इतिहासावरून चाललो आहोत याची कल्पना नसते.

माझी हरकत वेगळी आहे. मूळ लेखात वाळवंट एकीकडे आणि हमिंगबर्ड दुसरीकडे असे मांडले आहे, जणू त्यांची कधी गाठच पडत नाही. आमच्या सोनोरन वाळवंटात कोस्टाज हमिंगबर्ड हिवाळ्याच्या अखेरीस घरटी करतो आणि त्या काळात चुपारोसा नावाच्या झुडपाची लाल, नळीसारखी फुले त्याचा आधार असतात. पुढे ओकोटियोच्या काटेरी काठ्यांच्या टोकांना केशरी तुरे येतात, तेव्हा उत्तरेकडे निघालेले हमिंगबर्ड त्यांवर तुटून पडतात. हे कुळ मुख्यतः उष्णकटिबंधातले आहे हे खरेच, परंतु त्याच्या काही शाखांनी वाळवंटात संसार थाटलेला आहे.

अटाकामातही तसेच आहे. पेरू आणि उत्तर चिलीच्या कोरड्या किनारपट्टीवर 'ओअॅसिस हमिंगबर्ड' आढळतो, आणि आरिकाजवळच्या खोऱ्यांत 'चिलियन वुडस्टार' हा इवलासा पक्षी अजून तग धरून आहे. त्याची संख्या फार घटली असून तो नामशेष होण्याच्या काठावर आहे.

सुगरण

दवबिंदूताई, मग हे हमिंगबर्ड त्या पाता दे ग्वानाकोवर जात असतील का? फुलाचा रंग तर अगदी त्यांना बोलावणारा दिसतो.

दवबिंदू

सुगरण, ते फूल उघड्या वाटीसारखे पसरट असते. लांब चोचीसाठी नळी, तळाशी मधाची भरपूर कुपी, असा त्याचा घाट नाही. त्याच्याकडे मुख्यतः मधमाश्यांसारखे कीटक येतात. याच फुलाच्या रंगांवर चिलीतल्या संशोधकांनी काम केले आहे. एकाच मैदानात गुलाबी, पांढरी, पिवळसर अशी फुले मिसळून असतात, काहींच्या पाकळ्यांवर अतिनील प्रकाशातल्या खुणा असतात, आणि त्या मधमाशीच्या डोळ्यांना कशा दिसत असतील याचा त्यांनी हिशेब मांडला. हा रंग बिटाला लाल करणाऱ्या रंगद्रव्यांच्या गटातला, म्हणजे बीटालेन आहे.

अतिनील प्रकाश हमिंगबर्डालाही दिसतो. कोलोरॅडोतल्या रानात प्रयोग करून २०२० साली दाखवण्यात आले, की त्यांना अतिनील आणि हिरवा यांच्या मिश्रणासारखे, आपल्या डोळ्यांना कधीच न दिसणारे रंग वेगळे ओळखता येतात. तेव्हा तो पक्षी त्या मैदानावरून गेला तर त्याला आपल्यापेक्षा जास्त काही दिसेल, पण पोट भरेल असे वाटत नाही.

ओलावा

आतापर्यंतची चर्चा ऊर्जेभोवती फिरते आहे. पाण्याचा विचार केला तर हे दोन जीव एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकांना उभे आहेत, आणि माझ्या मते खरी तुलना तेथे आहे.

फुलांतला मध म्हणजे बहुतांशी पाणीच. त्यातली साखर पुरेशी मिळवायची तर हमिंगबर्डाला दिवसभरात स्वतःच्या वजनाहून कितीतरी अधिक द्रव प्यावा लागतो. ते पाणी साठवून उडता येत नाही, म्हणून त्याची मूत्रपिंडे दिवसभर अखंड राबतात. वाळवंटी झाडाची चिंता थेंब जाऊ न देण्याची असते, तर या पक्ष्याची चिंता पाणी लवकर बाहेर काढण्याची.

रात्री मात्र चित्र उलटते. रात्री पिणे बंद असते. तेव्हा मूत्रपिंडे दिवसाच्याच गतीने चालू राहिली तर सकाळपर्यंत पक्षी वाळून जाईल. 'ब्रॉड-टेल्ड' हमिंगबर्डावरच्या अभ्यासात असे दिसले, की रात्री मूत्रपिंडांतले गाळण्याचे काम जवळजवळ थांबते. आपल्याकडे अशी स्थिती झाली तर रुग्णाला थेट डायलिसिसवर घेतात.

आता फुलाकडे या. पाण्याची ओढ जाणवू लागली की पाता दे ग्वानाको आपली श्वासाची वेळ बदलू शकते. बहुतेक झाडे पर्णरंध्रे दिवसा उघडतात, आणि त्याबरोबर पाणीही उडून जाते. हे झाड ताणाखाली आले की निवडुंगाप्रमाणे काही प्रमाणात रात्री कार्बन डायऑक्साइड घेते, तो आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा पर्णरंध्रे मिटून उन्हाचा उपयोग करते. पाणी मुबलक असताना ते साध्या पद्धतीनेच चालते. कोरडवाहू, आपण फुलाचा हिशेब वर्षांचा आणि पक्ष्याचा रात्रीचा असे म्हटले आहे; वस्तुतः फुलाचाही एक रात्रीचा हिशेब आहे, आणि पक्ष्याच्या टॉर्परशी ताडून पाहायचे तर बियांऐवजी तो घ्यायला हवा.

मुळशीकर

म्हणजे रात्री पाण्याची टाकी बंद ठेवण्याच्या बाबतीत आमच्या सोसायटीचे सचिव हमिंगबर्डाच्या बरोबरीचे आहेत. फक्त सकाळी चालू करण्यात ते मागे पडतात.

पांथस्थ

विषय थोडा बाजूला नेतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या बागेत, पुण्यात, हमिंगबर्ड आला होता. फुलासमोर हवेत स्थिर राहून मध पीत होता. सोंडेसारखी लांब चोच होती. छायाचित्र घेण्याआधीच गेला. आपल्याकडे हे पक्षी वाढू लागले आहेत का?

दवबिंदू

पांथस्थ, सोंडेसारखी चोच आणि हवेत स्थिर राहणे, या वर्णनावरून तो पक्षी नसून हॉकमॉथ कुळातला पतंग असावा. ती चोच नव्हे, खरोखर सोंडच असते, आणि मध पिऊन झाल्यावर तो ती गुंडाळून घेतो. पिसे असलेला जीव दिसला असेल तर तो शिंजीर. शिंजीरही क्षणभर फुलासमोर फडफडतो, परंतु त्याला फांदीवर बसून पिणेच मानवते. हमिंगबर्ड आज फक्त अमेरिका खंडांत आहेत, अलास्कापासून तिएरा देल फुएगोपर्यंत, सुमारे साडेतीनशे जाती.

नाडीपरीक्षा

यात एक गंमत आहे. २००४ साली गेराल्ड मायर यांनी जर्मनीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या पक्ष्याची चोच लांब होती आणि खांद्याची रचना आजच्या हमिंगबर्डासारखी, हवेत स्थिर राहण्याजोगी होती. तेव्हा जुन्या जगात हे पक्षी एके काळी होते आणि नंतर ते येथून नाहीसे झाले.

शंकासुर

तर पांथस्थांच्या बागेत तीन कोटी वर्षे उशिराने एखादा आला असेल.

रानवाटा

बहराच्या बाजूने थोडे लिहितो, कारण कासच्या पठारावर फिरलेल्या बहुतेकांना अटाकामाचे वर्णन ओळखीचे वाटेल. साम्य फार ताणू नये. कासला पाऊस धो-धो पडतो आणि दरवर्षी पडतो. तेथे अडचण असते ती जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीची. कारवीचे तर गणितच निराळे. ती साधारण सात वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. तिचे घड्याळ तिच्याच आत असते. पाऊस जास्त झाला म्हणून ती चौथ्या वर्षी फुलत नाही. पाता दे ग्वानाकोला असले घड्याळ नाही, ते ढगाच्या भरवशावर असते.

साम्य आहे ते माणसांच्या पायांत. बहराची बातमी पसरली की गाड्या येतात, छायाचित्रासाठी लोक फुलांत लोळतात, आणि पुढच्या बहराचे बी तयार होण्याआधीच झाड चिरडले जाते. कासला त्यासाठी कुंपण, प्रवेशशुल्क आणि संख्येवर मर्यादा आणावी लागली. चिलीमध्ये २०२२ च्या बहरात मैदानांतून वाहने फिरू लागली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल बोरिक यांनी तेथे राष्ट्रीय उद्यान करण्याची घोषणा केली, आणि पुढच्या वर्षी सुमारे ५७ हजार हेक्टरांचे उद्यान अस्तित्वातही आले. जेथे बहुतेक वर्षे पाहण्यासारखे काहीच नसते अशा जागेला राष्ट्रीय उद्यान करणे, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. कारण बहर असतो तो जमिनीच्या वरचा. संरक्षण हवे असते ते जमिनीखालच्या बियांना.

ओलावा

रानवाटा यांच्याशी सहमत. फक्त या बहरांचे वर्णन करताना आपण ज्या पावसाला 'योग्य' म्हणतो, त्याची दुसरी बाजूही लिहिली जावी. २०१५ च्या मार्चमध्ये त्या भागात जो पाऊस झाला, त्याने कोपियापो आणि चान्यारालमध्ये चिखलाचे लोट आणले, माणसे दगावली, घरे गेली. त्या वर्षीचा प्रसिद्ध बहर याच पावसावर आणि त्यामागून आलेल्या हिवाळी पावसावर उभा होता.

गणिती

मी पुन्हा मूळ मुद्द्याकडे येतो, कारण मला एक अधिक चांगली जोडी सुचवायची आहे.

वाळवंटी फुलाच्या बियांशी तुलना करण्यासाठी प्राणीच हवा असेल, तर तो हमिंगबर्ड नव्हे, वाळवंटातलीच एखादी मधमाशी घ्यावी. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या चिवावा वाळवंटातल्या पेर्डिटा पोर्टालिस या छोट्या माशीवर ब्रायन डॅनफर्थ यांनी केलेले काम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. या माशीच्या अळ्या जमिनीखालच्या कोठडीत पूर्ण वाढून निपचित पडून राहतात. पाऊस आला की काही बाहेर येतात आणि बाकीच्या पुढच्या वर्षाची वाट पाहत तशाच राहतात. पावसाचा इशारा तोच, थोड्यांना पाठवून बाकीच्यांना मागे ठेवण्याचा हिशेबही तोच. वाळवंटी फूल आणि वाळवंटी माशी या दोघांनीही स्वतंत्रपणे तेच गणित सोडवले आहे.

हमिंगबर्डाची वाट याच्या उलट दिशेने जाते. 'सोर्ड-बिल्ड' हमिंगबर्डाची चोच, शेपटी वगळता, त्याच्या उरलेल्या शरीराहून लांब असते, आणि अँडीजमधल्या पॅसिफ्लोरा मिक्स्टा या कृष्णकमळाच्या नात्यातल्या वेलीची लांबलचक फुले त्याच्याच भरवशावर असतात. कॅरिबियन बेटांवरच्या 'पर्पल-थ्रोटेड कॅरिब' या जातीत तर नराची चोच आखूड आणि सरळ, मादीची लांब आणि वाकडी, आणि दोघांची हेलिकोनियाची फुलेही निराळी. एवढी घट्ट गाठ मारण्यासाठी फुलाने दरवर्षी हजर राहावे लागते. ज्याचा बहर कधी येईल हे कोणालाच ठाऊक नसते, त्या फुलाला येईल त्या पाहुण्यासाठी दार उघडे ठेवावे लागते.

सुगरण

गणिती, हे वाचायला फार आवडले. परंतु मग कोरडवाहूंच्या भित्तिपत्रकाचे काय करायचे? त्यांचा पक्षी तुम्ही काढून घेतला आणि हातात माशी दिली.

कोरडवाहू

सर्वांचे आभार. सुगरण, पक्षी मी इतक्या सहज सोडणार नाही.

गणितींचा कुळ आणि देह हा भेद मला पटतो, आणि तो मजकुरात येईल. परंतु थांबण्याची किंमत हा मुद्दा मी सोडू इच्छित नाही. थांबणे कोणालाच फुकट नाही. जमिनीतल्या बियांना मुंग्या आणि उंदीर खातात, आणि काही बिया काळाच्या ओघात मरतात. म्हणून सगळ्याच बिया अनंतकाळ मागे ठेवणे परवडत नाही. पक्ष्याच्या बाबतीत नाडीपरीक्षांनी सांगितलेला असहाय वेळ ही किंमत आहे. अंडी उबवणारी हमिंगबर्ड मादी शक्यतो टॉर्परमध्ये जात नाही, कारण ती थंड झाली तर अंडीही थंड होतील. अर्थात चरबीचा साठा अगदी तळाला गेला, तर तिच्यापुढेही पर्याय राहत नाही. तेव्हा किती वेळ थांबायचे, हा दोघांपुढचा प्रश्न सारखा आहे, असे मी म्हणेन. उत्तरे वेगळी आहेत.

ओलावा यांचा रात्रीच्या हिशेबाचा मुद्दा मात्र मी जसाच्या तसा उचलणार आहे.

नाडीपरीक्षा

किमतीच्या मुद्द्यात एक भर घालतो. हमिंगबर्डावर ही पाळी येते त्याचे कारण त्याचे दिवसाचे जगणे. हवेत स्थिर राहताना तो नुकत्याच प्यालेल्या साखरेवर उडतो. पोटातली साखर अर्ध्या-पाऊण तासात थेट स्नायूंत जळू लागते. इतर पक्ष्यांत असलेले, स्नायूंमध्ये साखर बनवण्याशी संबंधित एक जनुकही या कुळात निकामी झालेले आहे, असे २०२३ साली दाखवण्यात आले. गोड चव ओळखणारा नेहमीचा ग्राहक रेणू पक्ष्यांमध्ये नसतो; यांनी मांसाच्या चवीचा ग्राहकच बदलून साखरेसाठी वापरायला घेतला, हे २०१४ चे संशोधन. सारा देह रोख व्यवहारावर चालवला आहे. मग रात्री दुकान मिटल्यावर दिवे मालवण्यावाचून गत्यंतर नाही.

दवबिंदू

मला वाटते, हा वाद फूल बदलून सुटेल, पक्षी बदलण्याची गरज नाही.

अटाकामाच्या बहरात पाता दे ग्वानाकोसारखी बियांवर चालणारी झाडे असतात, तशीच कंदांवर चालणारीही असतात. त्यांतली सर्वांत लाडकी म्हणजे 'अन्यान्युका'. लिलीसारखी दिसणारी ही फुले लाल असतात, पिवळीही असतात. तिची लोककथा चिलीमध्ये सगळ्यांना माहीत असते. मोंते पात्रिया गावातल्या अन्यान्युका नावाच्या मुलीचा प्रियकर खाणीच्या शोधात निघून गेला आणि परतलाच नाही. ती झुरून गेली, तिला पावसात पुरले आणि दुसऱ्या दिवशी खोरे लाल फुलांनी भरले. फूल दिसण्याआधी जमिनीखाली काहीतरी असते, एवढे त्या कथेलाही ठाऊक आहे.

कंद म्हणजे एकच जिवंत देह. पाऊस आला की तो पाने आणि फुले वर पाठवतो, पाणी संपले की ती वाळू देतो, उरलेले अन्न खाली ओढून घेतो आणि पुन्हा स्वस्थ होतो. पुढच्या पावसात तोच कंद पुन्हा उठतो. गणितींच्या दोन्ही अटी येथे पूर्ण होतात: धोरण एका देहाचे आहे, आणि तो देह एकदा उठून पुन्हा निजू शकतो. अन्यान्युका आणि मेटलटेल यांची जोडी लावा. पाता दे ग्वानाको आणि गणितींची माशी ही दुसरी जोडी शेजारच्या चौकटीत जाऊ द्या.

गणिती

दवबिंदू, या जोडीला माझी हरकत नाही. एक फरक मात्र लिहावा. कंद बाहेरच्या इशाऱ्यावर, म्हणजे पावसावर उठतो. हमिंगबर्ड सूर्योदयाच्या आधीच, अंधारातच तापू लागतो. त्याला उठवणारे घड्याळ त्याच्या आत असते. सूर्य उगवणार याची खात्री आहे, म्हणून त्याला घड्याळ परवडते. पावसाची खात्री नाही, म्हणून कंदाला ते परवडत नाही. रानवाटांची कारवी या बाबतीत पक्ष्याच्या बाजूची निघाली, हे मला अनपेक्षित होते.

रानवाटा

कारवीला मान्सूनची खात्री आहे. निदान आतापर्यंत होती.

कोरडवाहू

दवबिंदू यांची जोडी घेतो आहे. आता मजकुराचे तीन भाग झाले आहेत: कंद आणि पक्षी, बी आणि माशी, आणि रात्रीचे पाणी. मंडळाचा फलक चार फुटांचा आहे आणि चित्रे काढणारे गृहस्थ पाकळ्या मन लावून काढतात, परंतु मधमाशी काढायला सांगितले की डास काढतात. पेर्डिटा पोर्टालिसचे चित्र कोणाला जमणार असेल तर कळवावे.

शंकासुर

डास चालेल. कोणी ओळखले तर ते आमच्या मंडळात आणा, आम्हाला सदस्य कमी आहेत.